एका टाकीत तीन आडनावं

ज्या वर्षी क्लेमेंट फुलरच्या एकुलत्या एका मुलीचं, रोझलिंडचं, लग्न ठरलं ते वर्ष एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. लग्न डिसेंबरात व्हायचं होतं. व्याह्यांची पहिली भेट ऑगस्टात झाली आणि जे काही बिघडलं ते त्याच भेटीत, जेवणाच्या टेबलावर, भाजलेलं कोकरू संपून पुडिंग यायच्या मधल्या मोकळ्या वेळात.

विहीणबाई, म्हणजे मिसेस सिबिल बोयर, ताठ बसणाऱ्या बाई होत्या. खुर्चीला पाठ असते हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. त्यांनी रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "बोयर म्हणजे धनुष्य करणारा. आमच्या घराण्यानं राजाच्या फौजेला धनुष्यं पुरवली आहेत. फ्रान्सपर्यंत गेली ती. आणि फुलर म्हणजे काय हो?"

क्लेमेंट बँकेत होता. कॉपलिंगम या आपल्या गावापासून बसनं अर्ध्या तासावर असलेल्या शाखेत तो उपव्यवस्थापक होऊन निवृत्त झाला. व्यवस्थापक तो कधीच झाला नाही, आणि हा विषय घरात कुणी काढत नसे. उभं आयुष्य त्यानं कागदांच्या तळाशी फुलर, फुलर अशा सह्या केल्या होत्या. पण फुलर म्हणजे काय, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. माणसाला आपल्या कोपराचा अर्थ विचारावा तसं त्याला झालं.

"फुलर म्हणजे," तो म्हणाला, "फार जुनं आहे ते."

"हो, पण काय?"

"फारच जुनं."

बायकोनं, डॉरीननं, घाईघाईनं पुडिंग आणलं. टेबलाच्या टोकाला क्लेमेंटची थोरली बहीण विनिफ्रेड बसली होती. तिला अचानक खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

ही विनी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. लग्न केलेलं नाही, गल्लीच्या टोकाला एका लहानशा घरात राहायची, आणि त्या घरात तिच्यापेक्षा जास्त जागा तिच्या हातमागाला होती. साठ वर्षं ती लोकर विणत आली होती. आता डोळ्यांना धूसर दिसायचं आणि बोटांचे सांधे लिंबाएवढे सुजायचे. रोझलिंडच्या लग्नातल्या झग्यासाठी, म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंत येणाऱ्या, टोपी असलेल्या पांढऱ्या लोकरीच्या झग्यासाठी, तिनं कापड मागावर लावलं होतं. हे आपलं शेवटचं कापड, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि विनी उगाच काही बोलणारी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी क्लेमेंट वाचनालयात गेला. तिथल्या मिस क्वांट्रिल आडनावांचा जाडजूड कोश घेऊन आल्या आणि हळू आवाजात वाचू लागल्या. वाचनालय इतकं शांत होतं की त्यांची कुजबुज पार मासिकांच्या कपाटापर्यंत स्वच्छ ऐकू जात होती.

"फुलर. कापड तुडवणारा. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड सैल आणि तेलकट असतं. ते घट्ट व्हावं म्हणून टाकीत घालून त्यावर शिळी…" मिस क्वांट्रिल थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"शिळी काय?" क्लेमेंटनं विचारलं.

"शिळी लघवी, मिस्टर फुलर. ती ओतून मग अनवाणी पायांनी तुडवायचं."

वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका गृहस्थानं न वाचताच पान उलटलं.

माणसाच्या अब्रूला धक्का बसला की तो एकतर घरी जाऊन पडून राहतो किंवा भांडतो. क्लेमेंट यातलं काहीच न करता तिथेच उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "किती शिळी?"

कोशात ते नव्हतं. आणि जे कोशात नव्हतं तेच त्याच्या डोक्यात घर करून बसलं. किती दिवसांची? कुणाची? सकाळची की संध्याकाळची? एका कापडाला किती लागायची, आणि ती आणायचा कोण? गुलाबाच्या फांद्या छाटताना, अंडं सोलताना, चर्चमध्ये गुडघे टेकताना तो याच विचारात असे. शेवटी तो विनीकडे गेला.

"तुला माहीत होतं?" त्यानं दारातूनच विचारलं.

"साठ वर्षांपासून. मी विणकर आहे रे."

"मग त्या बाईसमोर बोलली का नाहीस?"

"कोकराच्या ताटावर काय बोलू? सिबिलबाई, तुमचे पूर्वज राजाला धनुष्यं पुरवत होते तेव्हा आमचे मुतात नाचत होते, असं?"

विनीनं चहा ठेवला आणि त्याला बसवून सगळं सांगितलं. पाणचक्क्या आल्यावर लाकडी हातोडे कापड कुटू लागले, पण त्याआधी शेकडो वर्षं हे काम पायांनीच चालायचं. घरोघरी दाराशी मडकं ठेवलेलं असे. शिळं झालं की ते पाणी झोंबरं होतं आणि लोकरीतलं तेल कापतं. मग मुलतानी माती घालून तुडवायचं, की धागे एकमेकांत गुंततात, कापड आवळतं, जाड होतं, आणि त्यातून वारा जात नाही. ती स्वतः हे काम न्हाणीघरात साबणाच्या पाण्यात करायची. सगळे विणकर तसंच करतात.

"आणि तसं चांगलं होतं?"

"चांगलंच होतं." विनी कप फिरवत राहिली. "पण तसं होतं का, ते मला ठाऊक नाही. म्हणजे त्या लोकांचं कापड हाताला कसं लागायचं, ते. क्लेम, माझं कापड पुढच्या महिन्यात उतरतंय. एकदा खरं करून बघू."

"वेडी आहेस का? तुझं शेवटचं कापड आहे ते! रोझलिंडचा झगा व्हायचाय त्याचा! आधी एखाद्या जुन्या ब्लँकेटवर करून बघू."

"जुनं ब्लँकेट आधीच घट्ट केलेलं असतं, शहाण्या. मागावरचं कोरंच लागतं, आणि कोरं एवढं एकच आहे. दुसरं विणायला हात कुठे आहेत माझे?" तिनं आपली बोटं त्याच्यासमोर धरली. "सबंध आयुष्य हे आडनाव लावते आहे आणि सबंध आयुष्य कापड विणते आहे. दोन्ही एका ठिकाणी आलेलं मला एकदा बघायचंय. कापड माझं आहे. बिघडलं तर माझं बिघडेल."

क्लेमेंटला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही म्हणायचं नव्हतं.

डॉरीननं एकच अट घातली. "माझ्या घरात नाही. माझ्या न्हाणीत नाही, माझ्या बादलीत नाही आणि माझ्या नावावर नाही." रोझलिंडचा लंडनहून फोन आला. "बाबा, ते अंगावर घालून मला चर्चमध्ये चालत जायचंय!"

"धुणार आहोत गं."

"कितीदा?"

आता प्रश्न उरला पुरवठ्याचा. दोन माणसांकडून एवढा साठा होत नाही. त्यातून क्लेमेंट सभ्य माणूस, हे मागायचं कसं, तेच त्याला उमगेना. शेवटी त्यानं शेजारच्या डेझमंड टकरला कुंपणावरून, हवापाण्याच्या गप्पा आटपल्यावर, अगदी आडवळणानं विषय काढून विचारलं. डेझमंड इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या डेव्हनचा होता. विमा कंपनीतून निवृत्त होऊन इकडे पूर्वेला, सफोकमध्ये आलेला.

"अरे, कापड तुडवणं?" डेझमंड ओरडला. "ते तर आमचं काम! आमच्याकडे कापड तुडवणाऱ्याला टकर म्हणतात!"

क्लेमेंटला ते खरं वाटेना. दोघं पुन्हा मिस क्वांट्रिलकडे गेले. कोशात तसंच लिहिलं होतं, आणि पुढे आणखी एक ओळ होती. देशाच्या या पूर्वेकडच्या भागात फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेला वॉकर. काम एकच, टाकी एकच, वास एकच. नावं मात्र तीन.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण गावातल्या पबचा मालक होता उत्तरेकडच्या यॉर्कशरचा नॉर्मन वॉकर.

नॉर्मन या दोघांशी फारसं बोलत नसे. डेझमंडनं एकदा त्याची बिअर कोमट आहे असं म्हटलं होतं आणि क्लेमेंट तेव्हा हसला होता. पण ही बातमी ऐकल्यावर त्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकले. "माझा आजा सांगायचा, आपण लोकरीतले," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मला वाटायचं, मेंढ्यांबद्दल बोलतोय." मग त्यानं बाही वर सारली. "पिंप माझ्याकडे आहे. आणि बाकीचं म्हणाल, तर लोक इथे मुळात कशाला येतात?"

अशा रीतीनं पबच्या मागच्या बाजूला, पुरुषांच्या मुतारीत, एक ओकचं पिंप उभं राहिलं. त्यावर नॉर्मननं खडूनं लिहिलं, 'विनीच्या कापडासाठी.' पहिले दोन दिवस लोक लाजले. मग त्यांना उत्साह आला. म्हातारे अर्ध्या बिअरऐवजी पूर्ण बिअर मागू लागले आणि म्हणाले, लग्नाच्या कामाला हातभार. गावात कुठलाही निधी गोळा करताना इतकी एकी कधी दिसली नव्हती, आणि त्यात चर्चच्या छपराचा निधीही आला.

पण एकी फार टिकली तर ते गाव कसलं. दारू वर्ज्य मानणाऱ्या मेथडिस्ट पंथाच्या चॅपलचे प्रमुख मिस्टर एबेनेझर गोटोबेड क्लेमेंटच्या दारी आले. त्यांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता आणि तो न घेतलेला थेंब त्यांच्या चेहऱ्यावर कायम दिसे.

"मिस्टर फुलर, पबच्या मुतारीतला माल तुम्ही नववधूच्या वस्त्राला लावणार? त्यात काय काय असेल ते देवालाच ठाऊक. जुन्या काळी कापडवाले चॅपलच्या लोकांची मागून न्यायचे. शुद्ध असायची म्हणून."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं."

यावरून पबमध्ये वाद पेटला. नॉर्मनचं म्हणणं, बिअरनं जोर येतो. चॅपलवाल्यांचं म्हणणं, जोर चारित्र्यानं येतो. क्लेमेंटनं दोघांचं मन राखलं. चॅपलच्या मागच्या आवारात दुसरं, लहान पिंप ठेवलं गेलं आणि त्यावर झाकण म्हणून एका बाईंनी भरतकाम केलेलं कापड टाकलं. जो तो सल्ला देई. कुणी म्हणे, लाल केसांच्या माणसाची सर्वांत तेज. कुणी म्हणे, बीट खाणाऱ्यांना लांब ठेवा, कापड पांढरं आहे. दोन घरं पलीकडच्या मिसेस गॅदरकोल रोज सकाळी दार उघडून विचारत, "मुरलं का हो?" लोणच्याबद्दल विचारावं तसं.

शेवटी व्हायचं तेच झालं. कुणीतरी तक्रार केली आणि जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून एक साहेब आले. मिस्टर थ्रोअर. तरुण होते, हातात नियमांचं पुस्तक. ते पिंपाभोवती दोनदा फिरले.

"हे सांडपाणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"सांडलेलं नाही अजून," नॉर्मन म्हणाला.

"अन्न नाही, हे नक्की. खत आहे का?"

"नाही."

"प्राणिजन्य कच्चा माल?" साहेब पुस्तक चाळत राहिले. "पण मग माणूस हा प्राणी धरायचा का, ते यात दिलेलं नाही."

क्लेमेंट तोवर आडनावांच्या नादानं पुरता पछाडलेला होता. गावात कुणी नवं माणूस दिसलं की तो आधी आडनाव विचारी आणि तब्येत मागाहून. तो साहेबांना म्हणाला, "थ्रोअर? म्हणजे धाग्याला पीळ देणारा. तुम्ही पण आमच्याच कामातले की!"

साहेबांनी पुस्तक मिटलं. त्यांनाही आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं. ते पिंपाशेजारच्या बाकावर बसले आणि पीळ कसा देतात, हातानं की चरख्यावर, रेशमाला की लोकरीला, असं विचारत चहाची वेळ टळेपर्यंत बसून राहिले. जाताना मात्र त्यांनी कर्तव्य केलं. पिंपं झाकलेली हवीत आणि सार्वजनिक रस्त्यावरून मोटारीनं न्यायची नाहीत, कारण मोटारीनं नेलं की ती घाणीची वाहतूक होते आणि तिला परवाना लागतो. हातगाडीबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

टाकी होती क्लेमेंटच्या परसात. एका शेतकऱ्यानं गुरांना पाणी पाजायचं लांबलचक लोखंडी टाकं दिलं होतं. पब गावाच्या दुसऱ्या टोकाला. भरलेलं ओकचं पिंप पेलेल अशी हातगाडी गावात एकच होती, आणि ती चर्चची होती. शवपेटी न्यायची.

पाद्री, रेव्हरंड क्रेक, भले माणूस होते, पण त्यांनाही मर्यादा होती. "ती गाडी मृतांसाठी आहे, नॉर्मन."

"आतमध्ये जिवंत काहीच नाही, रेव्हरंड. पंधरवड्यापूर्वीचं आहे."

रेव्हरंडनी डोळे मिटले. ते प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, ते कळलं नाही. गाडी मिळाली. साहेबांनी झाकायला सांगितलं होतं आणि त्या गाडीच्या मापाचं आच्छादन गावात एकच होतं, तेव्हा तेही मिळालं, काळं, सोनेरी किनारीचं.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे क्लेमेंट आणि डेझमंड, मागून ढकलायला नॉर्मन. आतलं डुचमळू नये म्हणून ते फार सावकाश चालत होते आणि सांडू नये या काळजीनं तिघांचेही चेहरे गंभीर झाले होते. चौकात मोटारी थांबल्या. एका चालकानं इंजीन बंद करून टोपी काढली. गावातले एक निवृत्त कर्नलसाहेब फुटपाथवर खडे होऊन सलाम करते झाले आणि गाडी वळेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. मिसेस गॅदरकोलना डोळ्याला कमी दिसायचं. त्या फाटकाशी येऊन हळूच म्हणाल्या, "अरेरे. कोण हो?"

"थोडेथोडे सगळेच, बाई," डेझमंड म्हणाला.

टाक्यात कापड आधीच अंथरून ठेवलेलं होतं. विनीनं ते स्वतः पसरलं होतं, कडा हातानं चाचपून. पांढरं, मऊ, उजेडात धरलं तर पलीकडचं दिसेल इतकं सैल. ती खुर्ची टाकून टाक्याशी बसली. पबचं पिंप ओतलं, चॅपलचं त्यावर ओतलं, आणि कॉपलिंगमच्या दोन्ही धर्मबाजू प्रथमच एकत्र आल्या. वास असा उठला की डेझमंडच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कुंपणावरची मांजर सन्मानानं निघून गेली.

तिघांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले आणि आत उतरले.

"थंड आहे!" क्लेमेंट ओरडला.

"झोंबतंय!" डेझमंड ओरडला.

"चला," विनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "एका जागी नाचू नका. टाचेनं दाबा. आणि नीट ऐका. एकदा आवळायला लागलं की भराभर आवळतं. मी हात घालून बघत राहीन. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही आणि मी सांगितल्यावर एक पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

सुरुवात छान झाली. विनी मधूनमधून वाकून कापडाची कड चिमटीत धरी आणि म्हणे, "नाही अजून." तिघं तालात तुडवत होते. नॉर्मन यॉर्कशरचं काही म्हणत होता, डेझमंड डेव्हनचं, आणि ताल तेवढा जुळत होता.

एवढ्यात पुढच्या दारी घंटा वाजली. रोझलिंडच्या होणाऱ्या सासूबाई, मिसेस बोयर. बोलावल्याशिवाय, हॅट घालून, पाहुण्यांच्या बैठकीचं बोलायला आल्या होत्या.

डॉरीन मागच्या दारात आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता. "विनी, आधी आत चल. मी चहा करते तोवर त्यांना बसवून ठेव. खिडकीकडे पाठ करून बसव. आणि तुम्ही तिघं, आवाज करू नका!"

"पण कापड…" विनी म्हणाली.

"पाच मिनिटं!"

विनी जाता जाता मागे वळून म्हणाली, "चालू ठेवा. मी आलेच."

आता मिसेस बोयरसमोर बसलेल्या माणसाला उठणं किती अवघड असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. विनीनं पहिल्यांदा उठायचा प्रयत्न केला तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा ना, धनुष्याला यू नावाच्या झाडाचंच लाकूड का लागतं माहितेय?" विनीला माहीत नव्हतं, आणि दुर्दैवानं तिला ते जाणून घ्यावंसं वाटलं. आतलं लाकूड दबतं, बाहेरचं ताणलं जातं, म्हणून. दुसऱ्यांदा ती उठली तेव्हा केक आला. तिसऱ्यांदा उठली तेव्हा पाहुण्यांमध्ये एका घटस्फोटित मामांना कुठे बसवायचं हा प्रश्न निघाला, आणि तो सोडून उठणं माणुसकीला धरून नव्हतं.

बाहेर तिघं तुडवत होते.

"मला वाटतं, झालं असावं," क्लेमेंट थोड्या वेळानं म्हणाला. पायाखाली आता मऊ लागत नव्हतं.

"तुला थांबायचं असेल तर थांब," नॉर्मन म्हणाला.

"मी कशाला? डेझमंड दमलेला दिसतोय."

"मी? डेव्हनमध्ये याला आम्ही सुरुवात म्हणतो."

झालं. खरं म्हणजे तिघांचेही गुडघे गेले होते. पण कुठल्या आडनावानं आधी पाय बाहेर काढला, हे पबमध्ये पुढची वीस वर्षं बोललं जाणार, हे तिघांना पक्कं माहीत होतं. शिवाय विनीनं थांबू नका म्हणून सांगितलंच होतं आणि हुकूम पाळण्यात केवढी तरी सोय असते. डॉरीननं मागच्या दारातून दबक्या आवाजात विचारलं, "चहा हवाय?" तिघंही एका सुरात म्हणाले, "नको, थँक्यू, आमचं छान चाललंय." जर कुणी हो म्हटलं असतं तर कापड वाचलं असतं.

विनी बाहेर आली तेव्हा ते तिघं बोलत नव्हते, गात नव्हते, नुसते घाण्याच्या बैलासारखे जागच्या जागी हलत होते. तिनं टाक्यात हात घातला. तो तिथेच ठेवला.

"बाहेर या," ती म्हणाली.

त्यांनी कापड उचललं, नळीच्या पाण्याखाली पुन्हा पुन्हा धुतलं आणि गवतावर पसरलं. पसरायला फार वेळ लागला नाही. मागावरून उतरलेलं ते कापड टाक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घड्या घालून बसवावं लागलं होतं. आता ते जेवणाच्या टेबलाएवढं झालं होतं आणि नॉर्मननं कड धरून उचललं तर ते लवेना. उभंच राहिलं.

"ताणू या," डेझमंड घाईनं म्हणाला. "जुन्या काळी चौकटीला आकडे लावून ताणायचे. वाचलंय मी." त्यांनी कापडाची एक बाजू कुंपणाला आकड्यांनी अडकवली आणि दुसरी बाजू धरून तिघंही मागे रेलले. कुंपण करकरलं. तिघांनी आणखी जोर केला. मग कुंपणाचा एक सबंध भाग, खांबासकट, वेलीसकट, त्यांच्या अंगावर आला आणि तिघं उताणे पडले. कापड सूतभरही हललं नव्हतं.

क्लेमेंट उठला. त्याचे पाय लालबुंद झाले होते, केसांत पानं होती. बँकेत एका मोठ्या खातेदारासमोर त्याचा एकदा अपमान झाला होता, तेव्हाही त्याला इतकं लहान वाटलं नव्हतं. "विनी," तो म्हणाला. "मला कळत होतं गं. पायाला लागत होतं. मी थांबलो नाही."

विनी गुडघे टेकून गवतावर बसली होती. धूसर डोळ्यांनी बघण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून ती बोटांनीच बघत होती, सांध्याच्या गाठींनी, तळव्यानं, मग गालानं.

या क्षणी मिसेस बोयर कुंपण पडल्याच्या आवाजानं बाहेर आल्या. त्यांनी पाहिलं, तिघं ओले म्हातारे, शवपेटीची गाडी, तिच्यावर रिकामं पिंप, आणि गवतावर बसलेली विनी. आणि मग त्यांना वास आला.

क्लेमेंटला लपवायला आता काही उरलं नव्हतं. "मिसेस बोयर, तुम्ही विचारलं होतं ना, फुलर म्हणजे काय? हे. लोकांची शिळी लघवी गोळा करून त्यात कापड तुडवणारे. हा टकर, तोही तेच. हा वॉकर, तोही तेच. आणि आम्ही ते करायला गेलो आणि माझ्या बहिणीच्या हातचं शेवटचं कापड वाया घालवलं."

बाईंची हॅट हलली नाही. त्या टाक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "कुणाची?"

"काय?"

"लघवी. कुणाची वापरलीत?"

"गावाची," क्लेमेंट म्हणाला. "चॅपलवाल्यांची वेगळी घेतली होती. शेवटी एकत्र केली."

"आणि फरक पडतो?"

"तेच अजून कळलेलं नाही."

बाई गवतावरून विनीपर्यंत चालत आल्या, हातमोजा काढला आणि वाकून कापडाला हात लावला. पुन्हा लावला. "याच्यातून सुई तरी जाईल का?" त्या म्हणाल्या.

"जाईल. जाड सुई लागेल," विनी म्हणाली. मग ती क्लेमेंटकडे वळली. "वाया कुठे गेलंय, वेड्या? लहान झालंय. इकडे ये, हात लाव. असं माझ्या न्हाणीघरात एकदाही झालेलं नाही. एकदाही नाही." तिनं कापडाची कड पुन्हा चिमटीत धरली. "मी आधी आले असते तर झगा झाला असता. पण मग ते कुठपर्यंत जातं ते मला कळलं नसतं."

झगा झाला नाही. शिंप्यानं त्या कापडाकडे बघून आधी पैज आहे का असं विचारलं, दोन सुया मोडल्या, आणि कोपरापर्यंत येईल अशी एक छोटी खांद्यांवरची शाल शिवून दिली. लग्नाच्या दिवशी कॉपलिंगमला गारांचा पाऊस झाला. पाहुणे पार भिजले आणि मिसेस बोयरची हॅट खाली बसली. रोझलिंडचे खांदे मात्र कोरडे राहिले. ओल्या लोकरीचा थोडा वास चर्चमध्ये सुटला, तेव्हा डावीकडच्या रांगांतली चॅपलची मंडळी आणि उजवीकडच्या रांगांतली पबची मंडळी एकमेकांकडे बघून उगाच गालात हसली. प्रत्येकाचा काही ना काही हिस्सा होता त्यात. मिस्टर गोटोबेड कुणालाही न विचारता म्हणाले, "पाणी आत गेलं नाही, ते आमच्यामुळे."

लग्नानंतरच्या जानेवारीत विनीनं डेझमंडला बोलावून मागाचा, ताणा गुंडाळायचा, जड दांडा खाली काढून घेतला. सांधे सुजलेले होते, दिसणं आणखी कमी झालं होतं. तिनं नवा ताणा लावायला घेतला. या वेळी मागावर मावेल तितका रुंद आणि पहिल्यापेक्षा किती तरी लांब, म्हणजे आवळून आवळून शेवटी घोट्यापर्यंतच्या झग्याएवढं कापड उरावं. दिवसाला चार बोटं कापड होई, कधी तेवढंही नाही. क्लेमेंट रोज दुपारी जाऊन तिच्या हातून पडलेला धोटा उचलून द्यायचा. कुणासाठी आहे, असं त्यानं एकदा विचारलं. कुणासाठीच नाही, ती म्हणाली, या वेळी नेमकं कुठे थांबायचं ते मला बघायचंय.

कापड निम्म्याच्या थोडं पुढे गेलं होतं. विनिफ्रेड फुलर एकोणीसशे नव्वद सालच्या फेब्रुवारीत, एकोणीस तारखेला, सोमवारी सकाळी, आपल्या घरी वारली.